शेवटच्या न्यायालयानंतर मानवाधिकार न्यायालय: सरकारविरुद्धची तक्रार प्रत्यक्षात कशी चालते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या चुलतभावाला परदेशात पोलिसांनी कोठडीत मारहाण केली, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने चौकशी पुराव्याअभावी बंद केली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत सगळीकडे त्याची दाद फेटाळली गेली. आता त्या भागातल्या मानवाधिकार न्यायालयात त्या सरकारविरुद्ध तक्रार केली, तर तो निकाल रद्द होईल का? किती वर्षं लागतील? आणि सरकारने निकाल मानलाच नाही तर पुढे काय? देशाचं नाव तुम्ही दिलेलं नाही. शेवटचा आदेश कोणत्या तारखेला हाती आला, तेही लिहिलेलं नाही. या दोन गोष्टींवर उत्तराचा बराचसा भाग अवलंबून आहे, तेव्हा जिथे गरज असेल तिथे वेगवेगळ्या शक्यता धरून सांगतो.

आधी मूळ अपेक्षेबद्दल. निकाल रद्द होणार नाही. अशा तक्रारींचे अर्ज तयार करणं हे माझं काम आहे आणि जवळपास प्रत्येक कुटुंब पहिल्या भेटीत हीच आशा घेऊन येतं. ही न्यायालयं आणि आयोग देशातल्या न्यायालयांच्या वरचं अपील न्यायालय नाहीत. साक्षीदारावर विश्वास ठेवायला हवा होता का, अमुक कलमाचा अर्थ बरोबर लावला का, हे ते पुन्हा तपासत नाहीत. ते एवढंच पाहतात की राज्याने करारावर सही करून जे हक्क मान्य केले, ते या माणसाच्या बाबतीत पाळले का. त्यामुळे "न्यायाधीशांनी चुकीचा निकाल दिला" हे तिथे फारसं ऐकलं जात नाही. "कोठडीत दुखापत झाल्याचं कागदोपत्री दिसत असताना स्वतंत्र चौकशी झालीच नाही" हे मात्र नीट ऐकलं जातं. घटना एकच, पण पहिल्या वाक्यात प्रतिवादी न्यायाधीश आहे आणि दुसऱ्यात राज्य. तक्रार दुसऱ्या वाक्यावर उभी करायची असते.

यातूनच पुढची गोष्ट निघते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ही तक्रार टिकेल की नाही, हे बहुतांशी देशातल्या खालच्या न्यायालयांतच ठरून गेलेलं असतं. तिथे काय मांडलं, कोणते कागद दाखल केले, कोणत्या तारखा पाळल्या, यावर. आंतरराष्ट्रीय अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी खालच्या फायलीत जे नाही ते वर निर्माण करता येत नाही. म्हणून माझ्याकडे कुणी आलं की मी अर्जाचा मसुदा मागत नाही. पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या आदेशापर्यंतची फाईल मागतो.

आता देशाचा प्रश्न. जगात अशा तीन प्रस्थापित व्यवस्था आहेत. युरोप परिषदेच्या 46 सदस्य देशांसाठी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय आहे. तिथला करार 1950 साली रोममध्ये झाला आणि न्यायालय 1959 पासून आहे. अमेरिका खंडासाठी वॉशिंग्टनमधला आंतर-अमेरिकी आयोग आणि कोस्टा रिकातल्या सॅन होजेमधलं न्यायालय आहे. आफ्रिकेसाठी गांबियातल्या बांजुलचा आयोग आणि टांझानियातल्या अरुशाचं न्यायालय आहे. अरब देशांची मानवाधिकार सनद 2008 पासून अमलात आहे, पण तिच्याखालच्या समितीकडे व्यक्तीला तक्रार करता येत नाही. ती समिती फक्त राज्यांचे अहवाल तपासते. आसियानचा आयोग 2009 साली स्थापन झाला, पण व्यक्तीच्या तक्रारीवर निर्णय देण्याचा अधिकार त्यालाही मिळालेला नाही. दक्षिण आशियात तर अशी यंत्रणाच नाही. त्या देशांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांचा रस्ता पाहावा लागतो, तोही त्या देशाने वैयक्तिक तक्रारींना मान्यता दिली असेल तरच.

तुमचा भाऊ त्या देशाचा नागरिक नाही, याची काळजी करू नका. प्रश्न नागरिकत्वाचा नसतो. घटना घडली तेव्हा तो त्या राज्याच्या अधिकारकक्षेत होता का, हे पाहिलं जातं. कोठडी म्हणजे तर पूर्णपणे राज्याच्या हातात. सेल्मूनी विरुद्ध फ्रान्स या प्रसिद्ध प्रकरणात तक्रारदाराकडे नेदरलँड्स आणि मोरोक्कोचं नागरिकत्व होतं. 1991 साली पॅरिसजवळच्या पोलीस ठाण्यात त्याला मारहाण झाली, आणि 1999 साली स्ट्रासबर्गने त्या वागणुकीला छळ ठरवलं.

पण तक्रार कुणी करायची, यात मात्र फरक आहे. स्ट्रासबर्गमध्ये ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच अर्ज करावा लागतो. त्यामुळे तुमच्या भावाची सही हवी, आणि वकील नेमला तर त्याच्या नावाचं अधिकारपत्र अर्जाच्या नमुन्यातच भरावं लागतं. चुलतभाऊ म्हणून तुम्ही स्वतःच्या नावाने अर्ज केलात तर तो बाद होईल. आंतर-अमेरिकी आयोगाकडे मात्र कुणीही व्यक्ती, गट किंवा मान्यताप्राप्त संस्था दुसऱ्याच्या वतीने याचिका करू शकते. आफ्रिकी आयोगही इतरांनी केलेल्या तक्रारी घेतो. माणूस बेपत्ता असेल किंवा घाबरून गप्प असेल, तेव्हा या मोकळिकीचा फार उपयोग होतो.

आता दाराशी येऊ, कारण बहुतेक तक्रारी दारातच थांबतात. स्ट्रासबर्गकडे येणाऱ्या अर्जांपैकी फार मोठा हिस्सा दाखल करून घेण्याजोगा नाही म्हणून फेटाळला जातो. 2010 पासून उघडपणे न टिकणारे अर्ज एकच न्यायाधीश निकाली काढू शकतो, आणि त्या निर्णयावर अपील नाही. त्यामुळे या टप्प्याला औपचारिकता समजू नका.

पहिली अट म्हणजे देशातले दाद मागण्याचे सगळे मार्ग आधी वापरलेले असावेत. राज्याला स्वतःची चूक सुधारायची संधी आधी मिळाली पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे आणि मला तो रास्त वाटतो. 9 एप्रिल 2024 ला स्ट्रासबर्गने हवामान बदलाच्या प्रकरणांवर निर्णय दिले. स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांची संघटना तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून आली होती, आणि संघटनेच्या बाजूने निकाल लागला. त्याच दिवशी पोर्तुगालमधल्या तरुणांची तक्रार बाद झाली. त्यांनी पोर्तुगाल आणि आणखी 32 देशांविरुद्ध थेट स्ट्रासबर्ग गाठलं होतं. पोर्तुगालबद्दल न्यायालयाने सांगितलं की देशात काहीच दाद मागितलेली नाही, आणि बाकी देशांबद्दल सांगितलं की तुम्ही त्यांच्या अधिकारकक्षेत नव्हता. त्या तरुणांच्या म्हणण्यातल्या कळकळीबद्दल कुणालाही शंका नव्हती.

तुमच्या भावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली, म्हणजे ही अट पूर्ण झाली असं वाटेल. पण एवढं पुरत नाही. जो हक्क डावलला गेला असं तुम्ही वर सांगणार, तो मुद्दा देशातल्या न्यायालयांपुढे निदान आशयाने तरी मांडलेला असावा लागतो. कराराच्या कलमाचा आकडा घातलाच पाहिजे असं नाही. पण समजा खालच्या अपिलात वकिलाने फक्त "शिक्षा जास्त आहे" एवढंच म्हटलं आणि मारहाणीचा किंवा बंद केलेल्या चौकशीचा शब्दही काढला नाही, तर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असूनही मारहाणीबद्दलचा मार्ग वापरला गेलेला नाही. सरकारी वकिलांनी चौकशी बंद केल्याच्या आदेशाला वेगळं आव्हान देण्याची सोय अनेक देशांत असते. तो रस्ता घेतला का, हे फाईलमध्ये मी सगळ्यात आधी शोधतो. मुदत उलटून गेल्यावर केलेलं किंवा चुकीच्या न्यायालयात केलेलं अपीलही मोजलं जात नाही.

या अटीला अपवाद आहेत आणि ते खरे आहेत. मार्ग उपलब्ध असला पाहिजे, परिणामकारक असला पाहिजे, पुरेसा असला पाहिजे. नुसता कागदावर असून चालत नाही. गांबियाचे माजी राष्ट्राध्यक्ष दावदा जवारा यांना लष्करी उठावानंतर देश सोडावा लागला. परत जाऊन न्यायालयात उभं राहणं जिवावर बेतलं असतं, म्हणून आफ्रिकी आयोगाने 2000 सालच्या निर्णयात त्यांच्यासाठी ही अट सोडून दिली. ब्राझीलच्या मारिया दा पेन्हा यांच्या प्रकरणात कारण विलंबाचं होतं. 1983 साली नवऱ्याने गोळी झाडल्यामुळे त्या कायमच्या चाकाच्या खुर्चीला जखडल्या. 1998 साली त्यांनी दोन संस्थांसोबत आंतर-अमेरिकी आयोगाकडे याचिका केली, तेव्हा पंधरा वर्षं उलटूनही फौजदारी खटल्याचा अंतिम निकाल लागलेला नव्हता. आयोगाने सांगितलं की अशा विलंबानंतर त्यांना आणखी थांबायला सांगता येणार नाही. म्हणजे "आमच्याकडे न्यायालयं आहेत" असं म्हणून राज्याची सुटका होत नाही. पण अपवादाचं कारण कागदांनिशी दाखवावं लागतं. "तिथे न्याय मिळणारच नव्हता" ही नुसती भावना पुरत नाही.

दुसरी अट मुदतीची. तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. युरोपात पूर्वी शेवटच्या निर्णयापासून सहा महिने मिळायचे. 1 फेब्रुवारी 2022 पासून ही मुदत चार महिने झाली आहे. जुनी पुस्तकं, जुने लेख आणि काही वकीलसुद्धा अजून सहा महिने सांगतात. त्यावर विसंबू नका. शेवटचा आदेश कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजायचे. आदेशाची लेखी प्रत मिळण्याचा हक्क त्या देशाच्या कायद्यात असेल, तर सर्वसाधारणपणे ती प्रत हाती आल्यापासून. शेवटचा दिवस रविवार किंवा सुट्टीचा आला म्हणून मुदत पुढे सरकत नाही. नुसतं पत्र पाठवून, ईमेल करून किंवा "सविस्तर अर्ज मागाहून देतो" असं कळवून मुदत थांबत नाही. न्यायालयाचा ठरलेला नमुना पूर्ण भरून, सगळ्या आदेशांच्या प्रती जोडून, मूळ सहीनिशी टपालाने पाठवायचा. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याची तारीख धरली जाते. 2014 पासून हे फार काटेकोरपणे पाळलं जातं. एक आदेश जोडायचा राहिला म्हणून अर्ज परत येतो, आणि तोवर चार महिने संपलेले असतात.

आंतर-अमेरिकी आयोगाकडे मुदत सहा महिन्यांची आहे. आफ्रिकी सनदेत, म्हणजे तिथल्या मानवाधिकार करारात, ठरावीक आकडा नाही, "वाजवी काळात" एवढंच म्हटलं आहे. पण म्हणून निवांत राहण्यात अर्थ नाही, कारण उशीर झाला तर त्याचं कारण तुम्हालाच द्यावं लागतं. आणखी एक सापळा आहे. जिथे आशा नव्हती अशा ठिकाणी पुनर्विचाराचा अर्ज टाकून लोक वाट पाहत बसतात. असा असाधारण अर्ज बहुतेक वेळा परिणामकारक मार्ग धरला जात नाही, आणि मुदत मात्र आधीच्या निर्णयापासूनच मोजली जाते. तुमच्या भावाच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयानंतर असं काही केलं असेल, तर मुदत त्या अर्जावरच्या आदेशापासून धरू नका.

छोट्या अटी पटकन सांगतो. तीच तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे आधी दिलेली असेल तर स्ट्रासबर्ग ती घेत नाही, तेव्हा एकाच वेळी सगळीकडे अर्ज टाकण्याचा मोह आवरा. निनावी तक्रार स्ट्रासबर्गमध्ये चालत नाही, मात्र नाव जाहीर करू नये अशी विनंती करता येते. आफ्रिकी सनदेच्या 56व्या कलमात राज्याबद्दल अपमानकारक भाषा वापरू नये आणि तक्रार फक्त वृत्तमाध्यमांतल्या बातम्यांवर आधारलेली नसावी अशाही अटी आहेत. कॅमेरूनमधल्या एका मानवाधिकार संघटनेची तक्रार 1997 साली बाद होण्यामागे सरकारसाठी वापरलेले तिखट शब्द हे एक कारण होतं. छळाच्या आरोपांबाबत भाषेवरून दार लावून घेणं मला पटत नाही, पण अट आहे. तसंही माझा सल्ला सगळ्याच ठिकाणी सारखा असतो: विशेषणं काढा, तारखा घाला.

आता पुराव्याकडे. तुमचं प्रकरण इथे वाटतं तितकं दुबळं नाही. फौजदारी खटल्यात सगळं सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर असतो आणि पुराव्याअभावी पोलीस सुटतात. मानवाधिकार न्यायालयात पोलीस शिपाई आरोपी नसतो. उत्तर राज्याने द्यायचं असतं. माणूस धडधाकट कोठडीत गेला आणि बाहेर येताना जखमी होता, तर त्या जखमा कशा झाल्या याचं पटण्याजोगं स्पष्टीकरण देणं राज्यावर येतं. सेल्मूनी प्रकरणात हेच झालं. आंतर-अमेरिकी न्यायालयाने 1988 साली वेलास्केस रोद्रिगेस विरुद्ध होंडुरास या निकालात याहून कठीण प्रश्न सोडवला. तो विद्यार्थी 1981 साली बेपत्ता झाला होता, मृतदेह नव्हता, थेट साक्षीदार जवळजवळ नव्हते. न्यायालयाने म्हटलं की माणसं बेपत्ता करण्याची पद्धत त्या काळी चालू होती हे दाखवलं आणि हे प्रकरण त्या पद्धतीत बसतं हे परिस्थितीजन्य पुराव्यावरून दिसलं, तर राज्य जबाबदार ठरतं. कारण पुरावा राज्याच्याच ताब्यात असतो, आणि तो दडवून त्याला फायदा घेता येणार नाही.

म्हणून वैद्यकीय कागद सोन्याच्या मोलाचे असतात. कोठडीत नेताना झालेली तपासणी, सुटल्यावर लगेच झालेली तपासणी, फोटो आणि त्यांच्या तारखा. छळाच्या खुणा कशा नोंदवाव्यात यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. तिच्याशी परिचित डॉक्टरकडून आजही तपासणी करून घेता येते, कारण जुन्या जखमा आणि मानसिक आघात यांचीही नोंद होऊ शकते. फक्त एवढं लक्षात ठेवा की त्याच आठवड्यातल्या साध्या दवाखान्याच्या चिठ्ठीचं वजन बरेचदा दोन वर्षांनंतरच्या सविस्तर अहवालापेक्षा जास्त पडतं.

आणि तक्रार एक नाही, दोन मांडा. एक मारहाणीची. दुसरी, चौकशी नीट न झाल्याची. 1998 सालच्या असेनोव्ह विरुद्ध बल्गेरिया या निकालात एका चौदा वर्षांच्या रोमा मुलाला पोलिसांनी मारल्याचा आरोप होता. त्याचे वळ पोलिसांमुळेच उठले की वडिलांनी मारल्यामुळे, हे स्ट्रासबर्गला खात्रीने ठरवता आलं नाही. तरीही राज्य दोषी ठरलं, कारण आरोप गंभीर असताना त्याची कसून, परिणामकारक चौकशी झाली नव्हती. ज्याला मारलं त्याच्याकडे मारहाणीचा पुरावा बरेचदा नसतो, पण चौकशी न झाल्याचा पुरावा सरकारच्याच फायलीत असतो: कुणाला विचारलं नाही, कोणती ध्वनिचित्रफीत मागवली नाही, ज्या ठाण्यावर आरोप त्याच ठाण्याच्या माणसांनी तपास केला का. तुमच्या वर्णनात "चौकशी पुराव्याअभावी बंद" हे शब्द आहेत. मला या प्रकरणात खरं बळ तिथेच दिसतं.

अर्ज दारातून आत गेला की काय होतं? स्ट्रासबर्गमध्ये तो सरकारला कळवला जातो. हा टप्पा गाठला म्हणजे मोठी मजल मारली, असं मी कुटुंबांना सांगतो. आधी तडजोडीसाठी काही आठवडे दिले जातात, मग सरकारचं उत्तर येतं, मग तुमचं. बहुतेक सगळं लेखी चालतं, तोंडी सुनावणी क्वचितच होते. कायदा ठरलेला असलेल्या प्रकरणांवर तीन न्यायाधीशांची समिती निर्णय देते, बाकीच्यांवर सात जणांचं पीठ, आणि अगदी मोजकी प्रकरणं 17 जणांच्या महापीठाकडे जातात. शुल्क नाही. सुरुवातीचा अर्ज वकिलाशिवाय आणि सदस्य देशांपैकी कोणत्याही अधिकृत भाषेत करता येतो. सरकारला कळवल्यानंतर मात्र वकील लागतो, आणि ऐपत नसेल तर न्यायालयाकडून थोडी मदत मागता येते. नुकसानभरपाई आपोआप मिळत नाही. त्या टप्प्यावर दिलेल्या मुदतीत, पावत्यांसह ती मागावी लागते. न मागितल्यास उल्लंघन सिद्ध होऊनही पैसा मिळत नाही.

तडजोडीचा प्रस्ताव आला तर लगेच नाही म्हणू नका, लगेच होही म्हणू नका. काही कुटुंबांना पैसे आणि शांतता हवी असते, तो त्यांचा हक्क आहे. पण तुमच्या भावाला "माझ्यासोबत हे घडलं" हे कुणीतरी अधिकृतपणे म्हणायला हवं असेल, तर तडजोडीत ते शब्द आहेत का हे पाहा. एक खबरदारीही सांगतो: सरकार एकतर्फी चूक मान्य करून भरपाई देऊ करू शकतं, आणि न्यायालयाला ती पुरेशी वाटली तर तुमची संमती नसतानाही प्रकरण यादीतून काढलं जाऊ शकतं.

अमेरिका खंडात रस्ता दोन टप्प्यांचा आहे. याचिका आधी आयोगाकडे जाते. आयोग ती ग्राह्य आहे का ते ठरवतो, तडजोडीचा प्रयत्न करतो, मग राज्याला शिफारशींसह अहवाल देतो. राज्याने त्या पाळल्या नाहीत तर आयोग प्रकरण सॅन होजेला नेऊ शकतो. व्यक्तीला स्वतः तिथे प्रकरण नेता येत नाही. राज्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला असावा लागतो, हेही आहेच. अमेरिकेची संयुक्त संस्थानं आणि कॅनडा मूळ करारातच सामील नाहीत. त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी आयोग 1948 च्या जाहीरनाम्याच्या आधारे ऐकतो आणि तिथेच थांबतो.

आफ्रिकेत थेट अरुशाला जायचं तर त्या राज्याने व्यक्तींच्या तक्रारींना मान्यता देणारं वेगळं घोषणापत्र दिलेलं असावं लागतं. अशी राज्यं मुळातच थोडी, त्यात रवांडाने 2016 साली, खुद्द न्यायालयाच्या यजमान टांझानियाने 2019 साली, आणि बेनिन व आयव्हरी कोस्टने 2020 साली ते मागे घेतलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण आयोगाचा रस्ता उरतो. केनियाने असं घोषणापत्र दिलेलं नाही, तरी माऊ जंगलातल्या ओगिएक या आदिवासी लोकांचं प्रकरण आयोगानेच न्यायालयात नेलं. 2017 साली ते जिंकले आणि 2022 साली 15 कोटी 78 लाख 50 हजार केनियन शिलिंगांची भरपाई ठरली. देश इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेचा सदस्य असेल तर तिचं अबुजामधलं न्यायालयही पाहा. तिथे देशातले मार्ग आधी संपवण्याची अट नाही. गुलामगिरीत विकल्या गेलेल्या हदीजातू मानी यांनी नायजरविरुद्ध 2008 साली तिथेच निकाल मिळवला.

वेळेबद्दल कुणी ठाम आकडा दिला तर विश्वास ठेवू नका. दारात फेटाळलं जाणारं प्रकरण लवकर संपतं, आत गेलेलं वर्षानुवर्षं चालतं. स्ट्रासबर्गकडे 2024 अखेर 60,000 च्या आसपास अर्ज प्रलंबित होते. जिवाला धोका, छळ, कोठडीत असलेला माणूस अशा प्रकरणांना तिथे प्राधान्य मिळतं. तुमचा भाऊ अजून कोठडीत असेल तर हे अर्जात ठळकपणे सांगा. जीव जाण्याचा किंवा छळाचा तातडीचा धोका असेल, उदाहरणार्थ धोका असलेल्या ठिकाणी हद्दपारी, तर अंतरिम आदेशही मागता येतो. तो घडून गेलेल्या मारहाणीसाठी नसतो. आणि तो नेहमी वाचवतोच असं नाही: नायजेरियातले लेखक आणि कार्यकर्ते केन सारो-विवा यांची फाशी थांबवा असं आफ्रिकी आयोगाने सांगूनही 10 नोव्हेंबर 1995 ला त्यांना फाशी दिली गेली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: सरकारने मानलं नाही तर? या न्यायालयांकडे पोलीस नाहीत. स्ट्रासबर्गचा निकाल बंधनकारक असतो आणि त्याच्या अंमलबजावणीवर युरोप परिषदेची मंत्र्यांची समिती लक्ष ठेवते. भरपाईची रक्कम बहुतेक वेळा मिळते. चौकशी पुन्हा उघडणं, कायदा बदलणं, पोलिसांची पद्धत बदलणं हे रेंगाळतं. समितीला आजवर दोन प्रकरणांत राज्याला पुन्हा न्यायालयापुढे उभं करावं लागलं. अझरबैजानचे विरोधी नेते इल्गार मम्मदोव्ह यांची 2018 साली तुरुंगातून सुटका झाली आणि पुढे 2020 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. तुर्कस्तानचे सामाजिक कार्यकर्ते उस्मान कवाला यांना तुरुंगातून तातडीने सोडा असं 2019 साली सांगून, आणि 2022 साली तुर्कस्तानने ते पाळलं नाही असं पुन्हा ठरवूनही, त्यांची सुटका झाली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कुटुंबाला मी दोन्ही सांगतो.

दुसरीकडे, एका माणसाच्या तक्रारीने देश हलल्याचीही उदाहरणं आहेत. मारिया दा पेन्हा यांच्याबाबतचा अहवाल 2001 साली आला, दुसऱ्या वर्षी त्यांचा नवरा तुरुंगात गेला आणि 2006 साली ब्राझीलने कौटुंबिक हिंसेविरुद्ध जो कायदा केला तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पेरूमध्ये 1991 साली बारिओस आल्तोस इथे 15 माणसं मारली गेली आणि नंतर माफीच्या कायद्यांनी मारेकऱ्यांना संरक्षण मिळालं. 2001 साली सॅन होजेच्या न्यायालयाने ते कायदे निरर्थक ठरवले आणि बंद झालेले खटले पुन्हा उभे राहिले. अनेक युरोपीय देशांतही स्ट्रासबर्गच्या निकालानंतर देशातलं प्रकरण पुन्हा उघडण्याची तरतूद आहे. सुरुवातीला मी "निकाल रद्द होणार नाही" म्हटलं, त्याला ही पुरवणी: तिथून रद्द होत नाही, पण तिथला निकाल हातात घेऊन घरच्या न्यायालयात पुन्हा जाता येतं. अंमलबजावणीच्या काळात तुम्ही स्वतः आणि संस्थाही मंत्र्यांच्या समितीला लेखी माहिती पाठवू शकता. सरकार "सगळं केलं" असं कळवतं तेव्हा खोडून काढणारं कुणीतरी लागतं.

तर या आठवड्यात करायचं काय, ते सांगतो. शेवटचा आदेश आणि तो हाती आल्याची तारीख शोधा, आणि युरोपातला देश असेल तर त्यापुढचे चार महिने आजच दिनदर्शिकेवर मोजा. चौकशी बंद केल्याच्या आदेशाला आव्हान दिलं होतं का आणि त्यात मारहाणीचा मुद्दा होता का, हे तिथल्या वकिलाला लेखी विचारा. पूर्ण फाईलच्या प्रती मागा, नुसते निकाल नकोत, आपण दाखल केलेले अर्जसुद्धा हवेत. वैद्यकीय कागद तारखेनुसार लावा. भावाला त्याच्याच शब्दांत सगळं लिहून काढायला सांगा, पण त्याची तयारी असेल तेव्हाच आणि जवळ कुणी असताना. तो अजून त्याच देशात असेल तर तक्रारीमुळे त्याला त्रास होण्याची शक्यता किती, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोला. हा निर्णय त्याचा आहे, कुटुंबाचा नाही.

मला पुढचं सांगण्यासाठी फक्त देश, शेवटच्या आदेशाची तारीख आणि चौकशी बंद करण्याचं लेखी कारण, एवढं कळवा. भावाचं नाव, प्रकरणाचा क्रमांक किंवा पोलीस ठाण्याचं नाव इथे उघडपणे लिहू नका.